पालकाच्या टिकल्या, आयोडीन आणि पानफुटी: प्रकाशसंश्लेषण घरच्या घरी कसं पाहायचं

चहात आपण चमचाभर साखर घालतो, ती साधारण पाच ग्रॅम भरते. एवढी साखर तयार करायला उसाच्या पानांना हवेतला पावणेआठ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. हवेत या वायूचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या हवेने भरल्या आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड पुरता काढून घेतला, तर कुठे एका चमच्याची सोय होते. साखरेतला सगळा कार्बन असा हवेतून आलेला असतो आणि हायड्रोजन पाण्यातून. माती त्यात कुठेच नाही.

तरीही झाड कशावर वाढतं असं विचारलं की आपलं बोट आधी मातीकडे जातं. हा समज फार जुना आहे. ब्रुसेल्सचे यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट यांनी सतराव्या शतकात तो तोलूनच पाहिला. सुमारे ९० किलो वाळवलेल्या मातीत त्यांनी सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७७ किलोंच्या आसपास भरलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर पन्नास-साठ ग्रॅमच घटली होती. त्यांनी निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून बनतं. अर्धं बरोबर होतं, हवेचा हिशेब राहून गेला. गंमत म्हणजे कोळसा जाळल्यावर निघणारा वायू साध्या हवेपेक्षा वेगळा आहे, हे ओळखणारेही हेच गृहस्थ.

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण (कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून प्रकाशाच्या जोरावर साखर आणि ऑक्सिजन) आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो, कारण ते डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. खरं तर त्यातली जवळजवळ प्रत्येक बाजू स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसू शकते. खाली दिलेले प्रयोग मुलांसोबत करण्यासारखे आहेत, पण मोठ्यांनी एकट्याने केले तरी वेळ वाया जाणार नाही. पालकाचा प्रयोग पहिला करा. तो तासाभरात होतो आणि सहसा फसत नाही.

सामान

मेडिकलमधून सुई नसलेली १० किंवा २० मिलीची सिरिंज, सर्जिकल स्पिरिटची बाटली आणि जखमेवर लावायचं पोविडोन आयोडीन आणा. स्टेशनरीच्या दुकानातून कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन आणि काळा कार्डशीट. पीएच पट्ट्या, म्हणजे आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या, शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात, ऑनलाइनही मिळतात. बाकी सगळं घरातलं: खाण्याचा सोडा, भांडी घासायचं लिक्विड, काचेचे पेले, पांढरी बशी.

सोडा म्हणजे खाण्याचाच सोडा. बेकिंग पावडर नको, कारण तिच्यात आम्लही असतं आणि स्टार्चही. पोटात गॅस झाल्यावर घेतात ते फ्रूट सॉल्टही नको. दोन्हींत पाणी पडताच फसफसून कार्बन डायऑक्साइड उडून जातो. आपल्याला तो पाण्यात विरघळलेला, पानाला लागेल तसा मिळायला हवा.

पहिला प्रयोग: बुडालेल्या टिकल्या वर येतात

१. ताजा, ताठ पालक घ्या. मंडईतून आणलेली जुडी मलूल असेल तर देठं पाण्यात बुडवून तासभर उजेडात ठेवा. मलूल पानाची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जायची बारीक छिद्रं, मिटलेली असतात आणि मग पुढचं काहीच धड होत नाही.

२. ३०० मिली पाण्यात चहाच्या चमच्याचा आठवा भाग सोडा विरघळवा. चिमटीपेक्षा थोडा जास्त, इतकंच. जास्त घातल्याने वेग वाढत नाही.

३. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब वाटीभर पाण्यात ढवळा आणि त्या पाण्याचा एकच थेंब सोड्याच्या पाण्यात टाका. पानावरचा मेणचट थर पाणी झटकून टाकतो, साबणामुळे ते चिकटतं. फेस दिसला तर साबण जास्त झाला. थोडं साधं पाणी घालून पातळ करा.

४. पंचिंग मशीनने पानाच्या मधली जाड शीर टाळून दहा टिकल्या पाडा.

५. सिरिंजचा दट्ट्या काढून टिकल्या आत सोडा. दट्ट्या परत बसवा आणि टिकल्या चिरडणार नाहीत इतपत आत ढकला. आता सोड्याचं पाणी चार-पाच मिली ओढून घ्या.

६. सिरिंजचं टोक वर धरून आतली हवा बाहेर काढा, टोकावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे खेचून दहा सेकंद धरून ठेवा. टिकल्यांच्या कडांमधून बारीक बुडबुडे निघताना दिसतील. मग बोट सोडा. दोन-तीन वेळा केलं की टिकल्या तळाला जातात.

इथे जरा थांबून एक टिकली उजेडाकडे धरून बघा. आधी फिकट, अपारदर्शक हिरवी होती, ती आता गडद आणि ओलसर पारदर्शक दिसेल. पान भरीव नसतं. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात पेशींच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात, पर्णरंध्रांतून आलेली हवा तिथेच खेळते. आपण ती हवा खेचून काढली आणि जागी पाणी भरलं, म्हणून टिकली जड झाली.

७. टिकल्या सोड्याच्या पाण्यासह पेल्यात ओता. पाण्याची उंची चार-पाच बोटं असू द्या. पेला खिडकीतल्या उन्हात किंवा टेबललॅम्पखाली ठेवा आणि घड्याळ लावा.

पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. मग एखाद्या टिकलीच्या कडेला मोत्यासारखा बुडबुडा धरतो, ती कडेवर उभी राहते, डोलते आणि सरळ वर येते. तिच्यामागोमाग बाकीच्या. आतल्या पोकळ्या पुन्हा वायूने भरल्या, पण हा वायू बाहेरून आलेला नाही. पानाने बनवलेला ऑक्सिजन आहे. पाचवी टिकली किती मिनिटांनी वर आली तेवढं लिहून ठेवा. सगळ्या टिकल्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण एक-दोन हट्टी असतातच. चांगल्या उन्हात पाचवी टिकली बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत येते.

खरी मजा यापुढे आहे, कारण आता तुमच्याकडे मोजमाप आलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दुसरा पेला सोडा न घालता, फक्त साबणाच्या त्या थेंबासह ठेवा. त्यातल्या टिकल्या तळाशीच बसून राहतात किंवा फार उशिरा हलतात. ऊन आहे, पाणी आहे, पण कार्बन डायऑक्साइड पुरेसा नाही. तिसरा पेला बर्फाच्या थंड पाण्यात बसवून बघा. उजेड तेवढाच असूनही वेळ वाढतो, कारण साखर बनवण्याचं काम विकरं (एन्झाइम) करतात आणि थंडीत ती मंदावतात.

रंगांचं पाहायचं असेल तर आकाशकंदिलातला उरलेला जिलेटीन पेपर कामाला येतो. एका पेल्याला लाल, एकाला निळा, एकाला हिरवा, असे दोन-तीन पदर गुंडाळा, वरून उघडं ठेवू नका. हिरव्यातल्या टिकल्या सहसा मागे पडतात. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सर्वांत चांगला शोषतं, हिरवा त्यामानाने कमी. १८८२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे थिओडोर एंगेलमान यांनी हेच फार सुंदर रीतीने दाखवलं होतं. शेवाळाच्या धाग्यावर त्यांनी इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू पाण्यात सोडले. जिवाणूंनी लाल आणि निळ्या-जांभळ्या पट्ट्याभोवती गर्दी केली. मात्र हिरवा प्रकाश पानाला अगदी निरुपयोगी असतो, असा अर्थ यातून काढू नका. जिलेटीन पेपर एकूण उजेडही कमी करतो, शिवाय अख्खं पान बराचसा हिरवा प्रकाशही वापरून घेतं.

उजेडाचा प्रयोग घरात कुंड्या ठेवणाऱ्यांनी जरूर करावा. एक पेला खिडकीत, एक खोलीच्या मध्यभागी, एक बल्बपासून दोन फुटांवर. डोळा इथे फसवतो. उजेड लक्स या एककात मोजतात; भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं आणि ट्यूबलाइट लावलेली, आपल्याला लख्ख वाटणारी खोली काही शे लक्सची. बुबुळ मोठं-लहान करून आपण हा फरक पचवतो, पानाला ती सोय नाही. खोलीच्या मध्यात टिकल्या तासभर हलत नाहीत हे पाहिल्यावर, हॉलच्या कोपऱ्यातली तुळस का वाळते हे वेगळं सांगावं लागत नाही. उलट, ऊन वाढवत नेलं म्हणून वेग वाढतच जातो असंही नाही. पालकासारख्या पानाला भर उन्हाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यातच पुरेसं होतं. बाल्कनीत अर्धा दिवस ऊन येत असेल तर पालेभाजीला तेवढं चालतं, ते यामुळे.

शेवटी, वर आलेल्या टिकल्यांचा पेला डब्याखाली झाकून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने उघडून पेल्याला टिचकी मारा. काही टिकल्या परत खाली जाऊ लागलेल्या असतात. अंधारात ऑक्सिजन बनणं थांबलं, पण पानाचा श्वास चालूच आहे आणि साठलेला ऑक्सिजन तो वापरून टाकतो.

पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो, अमुक कुंडी उशाशी ठेवा म्हणजे शुद्ध हवा मिळते, असे संदेश अधूनमधून फिरत असतात. उत्तर या झाकलेल्या पेल्यात आहे. झाडाचा ऑक्सिजन पाणी फुटून निघतो आणि पाणी फोडायला प्रकाशच लागतो. याला पिंपळही अपवाद नाही आणि स्नेक प्लांटही नाही.

पाणी फुटतं म्हणजे नेमकं काय

पानाच्या पेशींत हरितलवक नावाचे हिरवे कण असतात. त्यांच्या आत चपट्या पिशव्यांच्या चळती असतात, त्यांच्या पडद्यांवर हरितद्रव्य बसलेलं असतं. प्रकाश पडला की हरितद्रव्यातला एक इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन निसटतो. रिकामी झालेली जागा भरायला इलेक्ट्रॉन पाण्याकडून ओरबाडला जातो. पाण्याचे दोन रेणू फुटले की ऑक्सिजनचा एक रेणू, चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन मिळतात. इलेक्ट्रॉनच्या प्रवासात पकडलेली ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या दोन रेणूंत भरून ठेवली जाते. ऑक्सिजन हा या सगळ्यातला टाकाऊ भाग, तो रंध्रांतून बाहेर.

हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला आहे, हे समजायला बराच काळ जावा लागला. १९४१ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल रुबेन आणि मार्टिन कामेन यांच्या गटाने शेवाळाला जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच थोडा जास्त वजनाचा प्रकार) असलेलं पाणी दिलं आणि बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. म्हणून शाळेतलं समीकरण हिशेबाला बरोबर असलं, तरी कोण कुठून आलं ते त्यातून कळत नाही.

बुडबुडे मोजायचे असतील तर

हायड्रिला ही पाणवनस्पती मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. बोटभर लांबीची फांदी पाण्याखालीच कात्रीने कापा, कापलेलं टोक वर ठेवून खाली छोटा दगड बांधा आणि सोड्याच्या पाण्यात उन्हात ठेवा. टोकातून बुडबुड्यांची माळ सुरू झाली की मिनिटाला किती ते मोजा. पेल्याच्या काचेवर चिकटलेले बुडबुडे मोजू नका, ते पाणी तापल्याने सुटलेल्या हवेचे असतात. वायू ऑक्सिजनच आहे का हे पाहायला वनस्पतीवर काचेचं नरसाळं उपडं घालून त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी ठेवतात. नळीत पुरेसा वायू जमायला दिवस जातो. मग विझत आलेली उदबत्ती आत धरली की तिचा निखारा फुलतो.

यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये असेच बुडबुडे पाहून दोन गोष्टी पक्क्या केल्या: ते फक्त हिरव्या भागांतून येतात आणि फक्त उजेडात. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात हायड्रिलाचेच बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं आणि १९२४ मध्ये या संशोधनावर ग्रंथ लिहिला. बुडबुडे मोजणं पोरखेळ वाटत असेल, तर एवढं ध्यानात असू द्या.

दुसरा प्रयोग: पानातला स्टार्च

दिवसा बनलेल्या साखरेतली बरीचशी साखर पान लगेच बाहेर पाठवत नाही. हरितलवकातच स्टार्चचे कण करून ठेवतं आणि रात्री ते मोडून वापरतं, पुढे पाठवतं. आयोडीन स्टार्चला लागलं की निळं-काळं होतं. तेव्हा पानातला स्टार्च दिसणं म्हणजे आज या पानाने कमाई केली की नाही ते कळणं.

पान कोणतं निवडायचं यावर निम्मं यश आहे. घेवडा किंवा वाल कुंडीत पेरून आलेलं पातळ पान उत्तम. जास्वंद, कोलियस चालतात. पांढरे-पिवळे पट्टे असलेला मनी प्लांट किंवा क्रोटन घेतला तर एकाच पानात दोन निकाल मिळतात. वड, रबराचं झाड यांची जाड पानं टाळा, स्पिरिट आत शिरता शिरत नाही. कांदा, लसूण तर घेऊच नका. त्यांच्या पाती स्टार्च साठवत नाहीत, त्यामुळे प्रयोग अगदी बरोबर करूनही हाती काही लागत नाही.

कुंडी दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, म्हणजे जुना स्टार्च संपेल. मग काळ्या कार्डशीटचे दोन तुकडे पानाच्या वर आणि खाली धरून पेपरक्लिपने बसवा. वरच्या तुकड्यात ब्लेडने एखादं अक्षर कापून काढा. जाड, ठळक अक्षर हवं, वेलांट्या-उकार नसलेलं. आता कुंडी चांगल्या उन्हात आणा आणि संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास पान तोडा. पावसाळ्यात हा प्रयोग करू नये असं माझं मत आहे. आठवडाभर ढग असले की निकाल इतका फिका येतो की मुलांचा विश्वास उडतो.

त्याआधी आयोडीनची परीक्षा घ्या. पोविडोन आयोडीन पाण्यात मिसळून चहाइतक्या रंगाचं करा आणि थेंबभर भाताच्या पेजेवर टाका. झटकन काळं-निळं झालं तर औषध ठीक आहे.

आता मुख्य काम. इथे मोठं माणूस हजर हवंच.

पातेल्यात पाणी उकळा आणि पान त्यात मिनिटभर बुडवा. पेशी मरतात, पडदे फुटतात आणि पुढे स्पिरिट व आयोडीन आत जाऊ शकतात. मग गॅस बंद करा. बंद म्हणजे पूर्ण बंद, शेजारचा बर्नरही आणि देवापुढची निरांजनही. त्यानंतरच स्पिरिटची बाटली उघडा. स्पिरिट कधीही ज्योतीवर गरम करायचं नाही, त्याची वाफ पेट घेते. स्टीलच्या पेल्यात पान बुडेल एवढं स्पिरिट घ्या आणि पेला त्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. खिडकी उघडी असू द्या. अल्कोहोल पाण्याच्या आधीच, ८० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे नुसत्या गरम पाण्यातही ते मंद बुडबुडू लागतं. दहा-पंधरा मिनिटांत स्पिरिट पाचूसारखं हिरवं होतं आणि पान कळाहीन पिवळट-पांढरं. पाणी निवलं आणि पान अजून हिरवं असेल तर स्पिरिटचा पेला दूर नेऊन ठेवा, पाणी पुन्हा तापवा, गॅस बंद करा, मग पेला परत आणा.

या टप्प्याला पान पापडासारखं कुडकुडीत झालेलं असतं. चमच्याने अलगद काढून कोमट पाण्यात सोडा, अर्ध्या मिनिटात मऊ पडेल. पांढऱ्या बशीत पसरा, सुरकुत्या बोटाने सोडवा आणि वरून आयोडीनचं पाणी घाला. दोन-तीन मिनिटं थांबा, जास्तीचं आयोडीन धुऊन टाका. अक्षराच्या भोकातून जिथे ऊन पडलं तिथे काळं-निळं अक्षर उमटतं, बाकीचा झाकलेला भाग तपकिरी-पिवळा राहतो. पट्ट्यांचं पान असेल तर जिथे मूळचा रंग हिरवा होता तेवढाच भाग काळा होतो. म्हणून उकळण्याआधी पानाचा फोटो काढून ठेवा, नंतर कुठे हिरवं होतं ते आठवत नाही.

अक्षर पुसट आलं तर तीन कारणं तपासा. कुंडी अंधारात पुरेशी राहिली नव्हती का (मग सगळंच पान काळं होतं), ऊन कमी पडलं का (मग सगळंच फिकं), की कार्डशीट पानापासून सुटून कडेने उजेड शिरला (मग कडा धूसर होतात). वापरलेलं स्पिरिट विषारी असतं. ते खाण्यापिण्याच्या भांड्यांपासून दूर ठेवा, आणि पेला पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका.

एवढा खटाटोप नको असेल तर सोपी आवृत्ती आहे. एकाच झाडाचं एक पान पहाटे उजाडण्याआधी तोडा, दुसरं संध्याकाळी. पहाटेचं पान लगेच उकळून, पुसून फ्रीजमध्ये ठेवा. दोघांची आयोडीन परीक्षा शेजारी शेजारी करा. रात्रीत किती स्टार्च खर्च झाला ते रंगाच्या फरकावरून दिसेल.

हवेतला कार्बन साखरेत कसा जातो

हा भाग डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी किरणोत्सारी कार्बन लागला. कॅलिफोर्नियात बर्कली इथे मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी शेवाळाला कार्बन-१४ असलेला वायू दिला आणि काही सेकंदांतच ते गरम अल्कोहोलमध्ये टाकून सगळ्या क्रिया जागच्या जागी थांबवल्या. कार्बन कोणकोणत्या रेणूंत पोचला ते मग ओळीने शोधलं. कॅल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

त्यातून निघालेलं चित्र असं. रुबिस्को नावाचं विकर कार्बन डायऑक्साइड पकडून पाच कार्बनच्या साखरेला जोडतं, त्यातून तीन-तीन कार्बनचे दोन रेणू बनतात. प्रकाशात भरून ठेवलेली एटीपी आणि एनएडीपीएचची ऊर्जा इथे खर्च होते आणि तीन कार्बनची साखर तयार होते. तिचा थोडा भाग बाहेर पडतो, उरलेल्यातून पुन्हा पाच कार्बनची साखर घडवली जाते आणि चक्र चालू राहतं. बाहेर पडलेल्या भागाचा हरितलवकात स्टार्च होतो, बाहेर सुक्रोज. सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर, तीच रसवाहिन्यांतून मुळांना, फळांना, दाण्यांना जाते.

रुबिस्को फार संथ आहे, सेकंदाला मोजकेच रेणू हाताळतं. त्यावर उपाय म्हणून पानं ते ढिगाने बनवतात, पृथ्वीवरचं हे सर्वांत मुबलक प्रथिन मानलं जातं. त्याची दुसरी खोड महागात पडते. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते मधूनच ऑक्सिजन पकडतं आणि केलेल्या कामातला काही भाग उलट फिरतो. ऊन तापलं की ही चूक वाढते. भात, गहू, सोयाबीन यांना ती सोसावी लागते.

ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी मात्र वेगळी वाट काढली आहे. हवाईत उसावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं की पहिला पदार्थ तीन कार्बनचा नसून चार कार्बनचा बनतोय. ऑस्ट्रेलियात मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ पासून त्याचा पूर्ण उलगडा केला. या पानांत आधी वेगळं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि शिरांभोवतालच्या पेशींत नेऊन सोडतं. तिथे तो इतका दाट होतो की रुबिस्कोची चूक जवळपास बंद पडते. रंध्रं कमी उघडूनही काम भागत असल्याने तेवढाच पाला वाढवायला पाणीही कमी लागतं. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत ज्वारी तग धरते त्यामागे हे एक कारण आहे. मग ऊस एवढा पाणीखाऊ का? तो बारा-अठरा महिने शेतात उभा असतो आणि प्रचंड वाढतो म्हणून.

तिसरा प्रयोग: पानफुटीची आंबटाई

काही वनस्पती आणखी पुढे गेल्या. निवडुंग, घायपात, अननस, पानफुटी यांची रंध्रं बहुतांशी रात्री उघडतात, तेव्हा हवा थंड असते आणि पाणी कमी उडतं. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून, उन्हाच्या ऊर्जेवर त्याची साखर करतात.

याचा एक पहिला धागा भारतातच सापडला. बेंजामिन हेन हे वनस्पतितज्ज्ञ दक्षिण भारतात काम करत होते. पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं, असं त्यांनी लंडनला कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. तुम्ही मात्र चाखू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना तिची विषबाधा होते. आपल्याकडे पीएच पट्ट्या आहेत.

उन्हात वाढलेल्या पानफुटीची जून, जाड पानं निवडा, कोवळ्यांत फरक कमी दिसतो. सूर्य उगवायच्या सुमारास एक पान तोडून खलात दोन चमचे डिस्टिल्ड वॉटर घालून कुटा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं चालेल, पण बाटली सीलबंद हवी. गाळून पट्टी बुडवा. दुपारी चारला त्याच झाडाचं, तेवढ्याच आकाराचं दुसरं पान घेऊन तेवढ्याच पाण्यात हेच करा. सकाळची पट्टी स्पष्टपणे जास्त आम्लधर्मी येते, एक ते दोन अंकांचा फरक पडू शकतो. शेजारी जास्वंदीच्या पानाचीही अशीच तपासणी करा, तिथे एवढी उलथापालथ दिसणार नाही.

दुसरी पानफुटीची कुंडी असेल तर ती सकाळपासून खोक्याखाली झाकून ठेवा आणि चार वाजता तिचंही पान कुटा. उजेड न मिळाल्याने तिचं आम्ल तितकं खर्ची पडलेलं नसतं, त्यामुळे तिची पट्टी सकाळच्या पट्टीच्या बाजूला झुकलेली येईल. पट्टीचा रंग ओली असतानाच डबीवरच्या रंगांशी ताडून आकडा लिहून घ्या. वाळल्यावर रंग बदलतो आणि खलात राहिलेला चोथा हवेवर काळा पडतो, तेव्हा दोन पानांच्या मधे खल-बत्ता नीट धुवायला विसरू नका.